गेलेल्या मेलची पूर्ण प्रत : पाकीटही जपायला हवं

‘सेंट’ फोल्डरमध्ये दिसणारी मेल सर्व्हरने स्वतःहून जपलेली असते, असा अनेकांचा समज असतो. साधारणपणे तसं नसतं. आयमॅपवर (सर्व्हरवरची पेटी दुरून वापरण्याची पद्धत) चालणारा प्रोग्राम एकच मेल दोनदा चढवतो. एकदा एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीने, पाठवण्यासाठी, दुसऱ्यांदा ‘सेंट’मध्ये ठेवण्यासाठी. ही दुसरी प्रत ठेवायची की पुसायची, हे वापरणाऱ्याच्या मर्जीवर.

जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१ या एसएमटीपीच्या नियमपत्रात सर्व्हरचं काम टपालवाल्याचं : मेल घ्या, पोचवा, पोचली की रांगेतून काढून टाका. त्यात पाकीट (पाठवताना सर्व्हरला दिलेले पत्ते) वेगळं आणि आतलं पत्र वेगळं. ‘टू’ आणि ‘सीसी’ हा पत्राचा मायना झाला. मेल खरोखर कोणाकडे जाते ते पाकिटावरून ठरतं. बीसीसीवाल्यांची, म्हणजे इतरांना न दिसता प्रत मिळणाऱ्यांची, नावं फक्त पाकिटावर असतात, आणि मेल पोचली की पाकीट फेकलं जातं. पुढच्या सगळ्या कटकटींचं मूळ इथे आहे.

प्रत जपण्याचा प्रश्न मात्र कोर्टात आधी गाजला. इराण-काँट्रा हे अमेरिकी सरकारच्या छुप्या शस्त्रविक्रीचं प्रकरण १९८६ मध्ये उघड होत असताना त्यात गुंतलेले अधिकारी ऑलिव्हर नॉर्थ यांनी व्हाइट हाउसच्या ‘प्रॉफ्स’ या ई-मेल यंत्रणेतले आपले संदेश पुसले; बॅकअपच्या टेपांवर ते शिल्लक निघाले. या टेपा वाचवण्यासाठी १९८९ मध्ये खटला झाला. संदेश छापून ठेवले की पुरे, असं सरकारचं म्हणणं. अपील कोर्टाने १९९३ मध्ये ते फेटाळलं : कोणी, कोणाला, कधी पाठवलं हे छापील कागदावर येईलच असं नाही.

मग पैशांचा धाक आला. अमेरिकेत शेअर दलालांनी पत्रव्यवहार तीन वर्षं जपायचा असतो. ई-मेल नीट जपल्या नाहीत म्हणून २००२ मध्ये पाच बड्या दलाली संस्थांना मिळून ८२.५ लाख डॉलर दंड झाला.

सर्व्हर चालवणाऱ्यांकडे तोवर होता तो जुगाड : प्रत्येक मेलला गुपचूप एक बीसीसी जोडणं. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘ऑलवेज बीसीसी’ ही एका ओळीची सोय आहे; पण ती येणारी-जाणारी सगळीच मेल पकडते. पाठवणाऱ्यानुसार प्रत काढण्याची सोय २.१ आवृत्तीत आली. गंमत म्हणजे २.२ आवृत्तीपर्यंत या प्रती साठवण्याची पेटी भरली, की मेल परत आल्याची सूचना थेट मूळ पाठवणाऱ्याला जायची. गुपचूपपणा तिथेच संपायचा! शिवाय अशा प्रतीत मायना येतो, पाकीट येत नाही. मूळ बीसीसी कोणाला होती हे ती उघडून कळत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमधल्या ‘एन्व्हलप जर्नलिंग’ (पाकिटासकट नोंद) या सोयीने हे कोडं सोडवलं ते मेलवर नवं पाकीट चढवून. मूळ मेल न बदलता अटॅचमेंट म्हणून आत, आणि वरच्या अहवालात प्रत्येक प्राप्तकर्ता : बीसीसीवाले आणि ग्रुपच्या पत्त्यामागची एकेक नावंसुद्धा.