हिरव्या चित्रापलीकडचे जंगल

उपग्रहाच्या चित्रात एखादा प्रदेश हिरवागार दिसला की तिथले जंगल सुखरूप आहे, असा निष्कर्ष बातम्यांतून सर्रास काढला जातो. वास्तविक दूरसंवेदनात, म्हणजे उपग्रहासारख्या साधनांनी दुरून केलेल्या निरीक्षणात, जंगलाची प्रकृती हिरव्या रंगापेक्षा कितीतरी अधिक स्पष्ट दिसते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या समीप-अवरक्त प्रकाशात.

पानातील हरितद्रव्य निळा आणि तांबडा प्रकाश शोषून घेते. सुमारे ७०० नॅनोमीटर तरंगलांबीपुढे मात्र हे शोषण जवळजवळ थांबते आणि पानाची अंतर्रचना महत्त्वाची ठरते. पानाच्या आतील पेशी सैलसर रचलेल्या असून त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात. ओलसर पेशीभित्तिका आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत फरक असल्यामुळे प्रत्येक सीमेवर अवरक्त किरणांची दिशा बदलते, आणि असे असंख्य वेळा वळत त्यांतला जवळपास निम्मा भाग वरच्या बाजूने बाहेर पडतो. साबणाचा फेस पांढरा दिसतो तोही याच कारणाने. पानातून आरपार गेलेले किरण खालच्या पानांवरून परततात, त्यामुळे पानांचे थर वाढतील तसे अवरक्त परावर्तन वाढते.

अवरक्त परावर्तनातून तांबड्याचे परावर्तन वजा करून त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेने भागले की वनस्पती निर्देशांक मिळतो. समजा, तांबड्याचे परावर्तन ५ टक्के आणि अवरक्ताचे ४५ टक्के असेल, तर निर्देशांक ०.८ येतो, उघड्या जमिनीसाठी २० आणि २५ टक्के धरल्यास तो ०.११ इतकाच भरतो. भागाकारामुळे उतारावरील सावलीचा परिणामही बराच कमी होतो, आणि इतक्या साध्या गणिताने एवढे साधावे हे मला आजही विलक्षण वाटते.

तरीही घनदाट जंगलात हा निर्देशांक वाढायचा थांबतो, आणि निलगिरीची एकसुरी लागवड व जुने नैसर्गिक वन यांचे आकडे अगदी जवळ येऊ शकतात. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेच्या चित्रातील एक ठिपका ३० मीटर लांब-रुंद असतो. अशा चित्रांवरून कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्येक झाड मोजते, हा दावा मुळीच मान्य करू नये. या चित्रांचे खरे बळ १९७२पासूनच्या सलग नोंदीत आहे. पानगळीमुळे दरवर्षी होणारी घट आणि वृक्षतोडीमुळे झालेली घट वेगळी ओळखायची, तर अनेक वर्षांतील त्याच महिन्याच्या चित्रांची तुलना करावी लागते.

ढगांखाली दडलेल्या जंगलासाठी रडार लागते. २०२५ साली प्रक्षेपित झालेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या संयुक्त रडार उपग्रहाच्या सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी ढगांतून आणि पानांच्या थरांतून आत शिरून फांद्या व खोडांवरून परततात.