आयोनियन समुद्र आणि आयोनिया: आपला ‘यवन’ यातला कुठला?

ग्रीसच्या नकाशात डाव्या हाताला, ग्रीस आणि इटलीच्या मध्ये आयोनियन समुद्र आहे. साहजिकच वाटतं की मिलेटस, एफेसस ही आयोनिया या प्राचीन ग्रीक प्रदेशाची प्रसिद्ध नगरं याच समुद्राकाठी असणार. प्रत्यक्षात आयोनिया आहे पार उजवीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर, इझमीरच्या आसपास. दोहोंच्या मध्ये एजियन समुद्र आणि अख्खा ग्रीस येतो.

समुद्राचं नाव कथेनुसार आयो या तरुणीवरून पडलं. ती आर्गोसमधली, हेरा देवीची पुजारीण. हेराचा नवरा, देवांचा राजा झ्यूस याचं मन तिच्यावर गेलं आणि तिची गाय झाली. चिडलेल्या हेराने तिच्यामागे गोमाशी लावली. त्या डंखांनी सैरावैरा धावत ती या किनाऱ्यावरून गेली, पुढे आशियात पोचली आणि शेवटी इजिप्तमध्ये पुन्हा माणूस झाली. वाटेत तिने ओलांडलेली सामुद्रधुनी म्हणजे बॉस्फोरस, शब्दशः ‘गाईचा उतार’. काही दोष नसताना सगळी वणवण तिच्याच वाट्याला आली, म्हणून ही कथा मला फार लागते. गुरूच्या एका चंद्रालाही तिचंच नाव आहे.

आयोनिया मात्र आयॉनची. अथेन्सची राजकन्या क्रेऊसा हिचा हा मुलगा आयोनियन ग्रीकांचा मूळपुरुष मानला जाई. त्याच्याविषयी एवढं पुरे.

मराठीत दोन्ही नावं सारखीच लिहिली जातात, त्यामुळे घोटाळा अटळ आहे. ग्रीक लिपीत तो होत नाही: समुद्राच्या नावात ऱ्हस्व ‘ओ’, म्हणजे ओमिक्रॉन, तर आयोनियात दीर्घ ओमेगा. गंमत म्हणजे खुद्द आयोच्या नावातला ‘ओ’ दीर्घ आहे. त्यामुळे समुद्राच्या नावाची ही व्युत्पत्ती कथेपुरतीच धरलेली बरी.

हा फरक आपण नीट लक्षात ठेवायला हवा, कारण आपला ‘यवन’ शब्द आयोनियाकडून आलेला आहे, समुद्राकडून नव्हे. इराणी सम्राटांना ग्रीक पहिल्यांदा भेटले ते याच पूर्व किनाऱ्यावर. ते त्यांना ‘यौना’ म्हणत. आपल्याकडे त्याचं संस्कृतात ‘यवन’ आणि प्राकृतात ‘योन’ झालं. बखरींमुळे मराठी वाचकाला यवन म्हणजे मुसलमान एवढंच ठाऊक असतं, पण तो अर्थ बऱ्याच नंतरचा. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट या ठिकाणच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यांत सतराव्या लेण्यातला लेख तर सांगतो की ते लेणं खोदवणारा इंद्राग्निदत्त हा धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडच्या दत्तामित्रीचा ‘योनक’. आपल्या आईवडिलांसाठी त्याने हे लेणं कोरवलं आणि मुलगा धर्मरक्षित याच्यासह भिक्षुसंघाला दिलं.