कोविड आणि स्ट्रोक : उपचारांनंतरची स्थिती

कोविडची लागण असताना मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून स्ट्रोक (अर्धांगवायू, लकवा) आला आणि अडलेला रक्तप्रवाह मोकळा करायचे उपचार दिले, तर पेशंट पुढे कितपत सावरतो, एवढाच या नोंदीचा विषय. रक्तवाहिनी फुटून येणारा स्ट्रोक यात धरलेला नाही. उपचार म्हणजे एकतर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन, साधारण साडेचार तासांच्या आत, नाहीतर कॅथेटर (बारीक नळी) घालून गुठळी ओढून काढणं म्हणजे थ्रॉम्बेक्टॉमी, कधीकधी दोन्ही.

हा संबंध डॉक्टरांच्या ध्यानात आला तो काळ ढोबळमानाने एप्रिल २०२० धरायला हरकत नाही. वुहानच्या २१४ पेशंटचा अहवाल तेव्हाच आला, त्यात गंभीर आजारी असलेल्यांपैकी ५.७ टक्क्यांना मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार झाला होता. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधून पन्नाशीच्या आतल्या पाच पेशंटची माहिती आली, सगळ्यांना मोठ्या रक्तवाहिनीचा स्ट्रोक, सगळे दोन आठवड्यांत आलेले, आणि तरुणांना कोविडमुळे सर्रास स्ट्रोक येतोय अशी भीती पसरली. नंतर न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या पाहणीत ॲडमिट झालेल्या ३,५५६ जणांपैकी ३२ जणांना, म्हणजे ०.९ टक्के लोकांना गुठळीचा स्ट्रोक आलेला दिसला. स्ट्रोकचं प्रमाण किती हे सांगायला त्या पाच पेशंटच्या माहितीपेक्षा हा आकडा जास्त भरवशाचा आहे.

उपचारांनंतर काय होतं याची सगळ्यात मोठी माहिती ग्लोबल कोविड-१९ स्ट्रोक रजिस्ट्रीतून मिळते. मार्च २०२० ते जून २०२१ या काळात उपचार झालेले १५,१२८ पेशंट, १०६ केंद्रं, त्यातले ८५३ कोविडवाले. वय, स्ट्रोकची तीव्रता असे घटक हिशोबात धरूनही कोविडवाल्यांमध्ये लक्षणं दिसण्याइतपत मेंदूतला रक्तस्राव जास्त निघाला (ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर, १.५३; १ च्या वर म्हणजे कोविडवाल्यांमध्ये जास्त), २४ तासांत मृत्यूचा २.४७ आणि तीन महिन्यांत मृत्यूचा १.८८. तीन महिन्यांनंतरची अपंगत्वाची एकूण पातळीही (मृत्यू धरून) जास्त वाईट बाजूला झुकलेली होती. ऑड्स रेशो म्हणजे थेट तितक्या पट धोका नव्हे, हे वाचताना विसरू नये, बातम्यांमध्ये नेहमी तिथेच गल्लत होते.

असं का होतं यावर एकमत नाही. एक मत असं की कोविडमध्ये रक्त घट्ट होतं, फायब्रिनोजेन (गुठळी बनवणारं प्रथिन) आणि डी-डायमर (गुठळी विरघळताना रक्तात येणारा तुकडा) वाढतात, त्यामुळे गुठळ्या जास्त आणि पुन्हा पुन्हा होतात. दुसरं मत रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडे बोट दाखवतं, तिथल्या पेशींवर एसीई-२ रिसेप्टर (ज्याला चिकटून कोविडचा विषाणू पेशीत शिरतो) असतो, अस्तर सुजतं, कमजोर होतं आणि रक्तप्रवाह परत जोरात सुरू झाला की तिथून रक्त पाझरतं. रक्तस्राव वाढलेला का दिसतो हे दुसऱ्या मताने जास्त नीट उलगडतं, पण शवविच्छेदनाचा पुरावा मोजक्याच पेशंटचा आहे. तिसरं मत साधं आहे : फुफ्फुसं आधीच खराब, वॉर्डात हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) सुरू, पीपीई किट घालण्यात आणि वेगळ्या सीटी स्कॅनच्या व्यवस्थेत गेलेला वेळ, मग निकाल चांगला कुठून येणार. चोवीस तासांतल्या मृत्यूंचं ओझं एकट्या मेंदूवर टाकता येत नाही ते यामुळेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. या रजिस्ट्रीत तुलना उपचार मिळालेल्या कोविडवाल्यांची आणि उपचार मिळालेल्या बिगर-कोविडवाल्यांची आहे. कोविड असून उपचार न मिळालेले त्यात नाहीतच, त्यामुळे कोविड असेल तर इंजेक्शन देऊ नका किंवा गुठळी काढू नका असा अर्थ यातून काढणं साफ चुकीचं आहे, अभ्यासकांनीही या पेशंटसाठी वेगळी शिफारस या माहितीवरून करता येत नाही असंच म्हटलंय. रक्तस्रावावर जास्त बारीक नजर ठेवायला आणि नातेवाइकांना आधीच स्पष्ट कल्पना द्यायला मात्र हे आकडे नक्की कामाचे आहेत.

हे आकडे ओमिक्रॉन यायच्या आधीचे आहेत आणि लसीकरण तेव्हा बऱ्याच देशांत नुकतंच सुरू झालं होतं, भारतात १६ जानेवारी २०२१ पासून. लस घेतलेल्या, सौम्य कोविड असलेल्या पेशंटला ते जसेच्या तसे लावू नयेत.