क्लाइड की जाबो? ‘फंकी ड्रमर’ आणि ‘सेक्स मशीन’ यांतला गोंधळ

अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनच्या ‘सेक्स मशीन’ या गाण्यावर क्लाइड स्टबलफील्डने ड्रम वाजवलेत, असं मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ठामपणे सांगतं. तिथे वाजवतोय जॉन ‘जाबो’ स्टार्क्स. क्लाइड आहे तो ‘फंकी ड्रमर’वर.

गोंधळ का होतो ते कळतं. गायक एकच आणि दोन्ही सिंगल्स 1970 ची. पण मधल्या काळात बँडच बदलला. ‘फंकी ड्रमर’ नोव्हेंबर 1969 मध्ये सिनसिनाटीला रेकॉर्ड झालं आणि पुढच्या मार्चमध्ये बाजारात आलं. त्याच मार्चमध्ये जॉर्जियातल्या कोलंबसला वादक पैशांवरून अडून बसले. ब्राउनने सिनसिनाटीहून ‘पेसमेकर्स’ नावाची तरुण पोरं विमानाने बोलावली. त्यांत होते बेसवाला बूट्सी कॉलिन्स, वय 18, आणि त्याचा गिटारवाला भाऊ कॅटफिश. एप्रिलमध्ये नॅशव्हिलला ‘सेक्स मशीन’ झालं ते या नव्या संचाचं. म्हणून ‘फंकी ड्रमर’च्या बेसला ‘बूट्सीचा बेस’ म्हणू नका, तो चार्ल्स शेरेलचा आहे. सॅक्सोफोन मेसिओ पार्करचा. जुन्या संचात क्लाइड आणि जाबो दोघेही ड्रमर होते; त्यांतला जाबो मात्र नव्या संचातही होता, आणि खरी गफलत इथेच होते.

पहिल्या मात्रेवरचा जोर, म्हणजे आपली सम, दोघांकडेही आहे. त्यावरून काही ओळखता येणार नाही. कान लावायचा तो स्नेअरवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमवर.

क्लाइडचा उजवा हात हाय-हॅटवर, म्हणजे झांजांच्या जोडीवर, एका मात्रेत चार ठोके असा न थांबता चालतो. डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरवर खणखणीत ठोका देतो, पण त्यांच्या अधेमधे तो आणखी बरंच काही वाजवत असतो. त्या पुसट ठोक्यांना ड्रमवाले घोस्ट नोट्स म्हणतात. काठी स्नेअरपासून जेमतेम दोन बोटं उचलायची आणि नुसती पडू द्यायची. ठेका पुढे लोटतात ते हे ठोके. माझे विद्यार्थी हे सगळे ठोके सारख्याच जोराने वाजवतात, तेव्हा मला खरंच त्रास होतो. तसं वाजवलं की टाइपरायटर ऐकू येतो, क्लाइड नाही. घरी आवाज अगदी कमी करून ‘फंकी ड्रमर’ लावून बघा. पुसट ठोके नाहीसे होतात आणि ठेक्याचा निम्मा जीव जातो.

‘सेक्स मशीन’ तेवढ्याच बारीक आवाजात लावा, काही बिघडत नाही. जाबो अलाबामाचा, आधी बॉबी ब्लँडबरोबर ब्लूज वाजवून आलेला. त्याची दुसरी आणि चौथी मात्रा स्वच्छ पडते, मधली जागा तो मोकळी सोडतो, आणि त्या जागेत बूट्सी हवं ते करतो. विचाराल तर मला जाबो जास्त आवडतो. क्लाइड ऐकताना मी मोजत बसतो, जाबो ऐकताना उठून नाचावंसं वाटतं.

नावाबद्दल मी इतका आग्रही का? ‘फंकी ड्रमर’मध्ये ब्राउन ड्रमरला सांगतो की सोलो नको, चाललंय तेच चालू ठेव. मग बँड थांबतो आणि आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांची आठ आवर्तनं, नुसता क्लाइड वाजतो. पुढे हिपहॉपवाल्यांनी हाच तुकडा असंख्य गाण्यांत वापरला. 1989 च्या ‘फाइट द पॉवर’मध्येही तो आहे. पण गाण्याचा लेखक म्हणून नाव एकट्या ब्राउनचं, त्यामुळे क्लाइडला रॉयल्टी मिळाली नाही. 2017 मध्ये तो मॅडिसनला वारला, पुढच्या वर्षी जाबोही गेला. त्याआधी दोघांनी जोडीने पुष्कळ कार्यक्रम केले होते.

नुसता जाबो ऐकायचा असेल, तर 1973 चं ‘द पेबॅक’ लावा आणि स्नेअरच्या दोन ठोक्यांमधली शांतता ऐका.