मुलांची आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स: स्पर्धेत उतरण्यासाठी वय, नोंदणी आणि कागदपत्रे

प्रशिक्षक म्हणाले, "आता याला स्पर्धेला उतरवू या," की पालकांचा पहिला प्रश्न असतो, अर्ज कुठे भरायचा? खरं तर तो अर्ज पालकांनी भरायचाच नसतो. स्पर्धेची प्रवेशिका क्लब पाठवतो, पुढच्या पातळीवर संघटना पाठवते, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी ती फक्त राष्ट्रीय महासंघाकडूनच जाते. वैयक्तिक नावाने तिथे कुणीच नोंदणी करू शकत नाही. पालकांच्या हातात एकच गोष्ट असते: कागद बिनचूक आणि वेळेत देणं. सगळ्यात जास्त घोळ नेमका तिथेच होतो.

आधी खेळाबद्दल थोडक्यात. मुलांना सहा प्रकार असतात: फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती), पॉमेल हॉर्स (वर दोन मुठी असलेला घोडा), रिंग्ज (टांगलेल्या कड्या), व्हॉल्ट (धावत येऊन साधनावरून उडी), पॅरलल बार (दोन समांतर दांड्या) आणि हॉरिझाँटल बार (एकच आडवी दांडी). रिंग्ज आणि हॉरिझाँटल बार जमिनीपासून 280 सेंटीमीटर उंच. लहान मुलाचा हात तिथवर पोहोचत नाही, म्हणून प्रशिक्षक त्याला कमरेला धरून वर लटकवतात. हे नियमात बसतं, त्याचे गुण कापले जात नाहीत. मुलगा फार उंच असेल तर उलट अडचण, पाय खाली घासतात. अशा वेळी साधन थोडं वर घेऊन मागता येतं, पण ती विनंती आधीच कळवावी लागते, आयत्या वेळी नाही. प्रवेशिका भरताना मूल सहाही प्रकार करणार की ठरावीक साधनांवरच उतरणार, हे प्रशिक्षकांशी बोलून पक्कं करा. सुरुवातीच्या वर्षांत सहाही करावेत असं माझं मत. एकाच साधनाचा हट्ट धरायला पुढे भरपूर वेळ मिळतो.

वय कसं मोजतात

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पुरुषांच्या वरिष्ठ गटात ज्या वर्षी 18 पूर्ण होतात त्या वर्षापासून खेळता येतं. मुलींसाठी हे वय 16 आहे. रिंग्जवर लागणारी ताकद मुलांमध्ये उशिरा येते, हे जिममध्ये रोज दिसतं. वय स्पर्धेच्या दिवशी मोजत नाहीत, कॅलेंडर वर्षावर मोजतात. 31 डिसेंबर 2008 ला जन्मलेला मुलगा 2026 च्या जानेवारीतही वरिष्ठ गटात चालतो. 1 जानेवारी 2009 चा मुलगा त्याच्याहून एकाच दिवसाने लहान, पण त्याला 2027 उजाडेपर्यंत थांबावं लागतं. त्याखालचे वयोगट देशागणिक वेगळे असतात, म्हणून आपल्या संघटनेचं चालू वर्षाचं परिपत्रक मागून घ्या. मागच्या वर्षीच्या परिपत्रकावर विसंबू नका.

कागदपत्रं

जन्मदाखला, ओळखपत्राच्या आकाराचे फोटो, क्लबच्या सदस्यत्वाचा पुरावा, पालकांचं सही केलेलं संमतीपत्र आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला. साधारण सगळीकडे एवढं मागतातच. विमा लागतो का, तेही विचारून घ्या. परदेशातल्या स्पर्धेची शक्यता दिसू लागली की पासपोर्टच्या मागे लागा. महासंघ त्याच्याच प्रतीवरून आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाकडे खेळाडूच्या परवान्यासाठी अर्ज करतो, आणि परवान्याशिवाय अधिकृत आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही. परवान्याला मुदत असते, ती संपण्याआधी नूतनीकरण करून घ्यायचं.

जन्मदाखल्यावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यानेही फाइल अडकते. जन्मतारखेबाबत तर कुणी हयगय खपवून घेत नाही, आणि त्याला कारण आहे. उत्तर कोरियाच्या होंग सू-जोंग या खेळाडूच्या नावे वेगवेगळ्या स्पर्धांत तीन वेगवेगळी जन्मवर्षं नोंदली गेली होती. 2010 मध्ये ते उघड झालं आणि तिथल्या महासंघावरच बंदी आली. घोळ महिला संघातला, पण 2012 च्या ऑलिम्पिकला पुरुषही मुकले. त्यातलाच री से-ग्वांग पुढे 2016 मध्ये व्हॉल्टचं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकला.

औषधं

हा भाग पालक हमखास विसरतात. सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन ठरावीक प्रमाणापलीकडे गेलं तर स्पर्धेच्या काळात निषिद्ध ठरतं. एकाग्रतेसाठी दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट तर कितीही प्रमाणात असलं तरी स्पर्धेच्या काळात निषिद्धच. असं औषध खरोखर लागत असेल तर उपचारासाठीच्या सवलतीचा अर्ज करता येतो. त्याला डॉक्टरांचे तपासणी अहवाल जोडून तो स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी द्यायचा असतो. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल ठरलेल्या मात्रेत चालतं. तरी डॉक्टरांची चिठ्ठी फाइलमध्ये ठेवाच.

नोंदणीचे टप्पे

मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांना प्रवेशिका तीन फेऱ्यांत जाते: आधी प्राथमिक, मग निश्चित, आणि शेवटी नावानिशी. मुलाचं नाव तिसऱ्या फेरीत जातं, म्हणून पालकांना वाटतं अजून अवकाश आहे. महासंघाने मात्र निवड त्याच्या बरीच आधी केलेली असते आणि ज्याचे कागद अपुरे तो यादीतून गळतो.

पोशाखही तपासून घ्या: पॉमेल हॉर्स, रिंग्ज आणि दोन्ही बारवर लांब पँट आणि मोजे लागतात. फ्लोअर आणि व्हॉल्टला आखूड चालते. चूक झाली तर गुण कापतात.

एक अर्ज मात्र स्पर्धा चालू असतानाच करावा लागतो. गुण दोन भागांत मिळतात, काठिण्याचे आणि सफाईचे. दाद मागता येते ती फक्त काठिण्याच्या गुणांबद्दल, आणि तीही प्रशिक्षकांनीच मागायची. पुढच्या खेळाडूचे गुण फलकावर येण्याआधी तोंडी सांगावं लागतं, मग लेखी. गटातल्या शेवटच्या खेळाडूसाठी प्रशिक्षकांना एकच मिनिट मिळतं. त्यासाठी शुल्क आकारतात, आणि तक्रार मान्य झाली तर ते परत मिळतं.