कोकणातली वाचनालयं : सरकारी शाखा नव्हे, गावाची संस्था

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. पेशवाई बुडून जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र निघायला अजून चार वर्षं होती. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. चिपळूणचं वाचनालय १८६४ चं. आज ते लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी 'लोटिस्मा'.

सुरुवातीच्या या संस्था 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून निघाल्या. कचेरी, कोर्ट आणि इंग्रजी शाळा जिथे आल्या तिथे वकील, मास्तर, कारकून आले, आणि त्यांनी वर्गणी काढून पुस्तकं मागवली. सर्वसामान्य माणूस तिथवर पोचायला बराच काळ गेला. १८९३ साली ठाण्यात वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं, तेव्हा केवळ मराठी पुस्तकांसाठी संस्था उभी राहू शकते हे दिसलं. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो.

पुढे वाचनालयं गावोगाव पोचली ती मुख्यतः चाकरमान्यांमुळे. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांनी देऊळ आणि शाळेबरोबर वाचनालयालाही हातभार लावला. जुन्या वाचनालयातलं कपाट नीट पाहा : दारावर रंगवलेलं असतं 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ', खाली देणगीदाराचं नाव आणि वाडी. आत कादंबऱ्या, चरित्रं, पोथ्या, आणि दोऱ्याने एकत्र शिवलेले जुने दिवाळी अंक.

स्वातंत्र्यानंतर वाट बदलू शकली असती. मद्रास प्रांताने १९४८ साली कायदा करून मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला आणि त्यातून शाखा ग्रंथालयं चालवली. महाराष्ट्राने १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम केला, तो १ मे १९६८ पासून लागू झाला. पण त्यात उपकर नाही. लोकांनी चालवलेल्या संस्थांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन अनुदान द्यायचं, असं सूत्र ठरलं. म्हणून कोकणातल्या वाडीवरचं वाचनालय सहसा कुणाची शाखा नसतं. त्याचं स्वतःचं कार्यकारी मंडळ असतं, स्वतःची घटना असते, आणि गळक्या कौलांची चिंताही स्वतःचीच असते.

या स्वायत्ततेची ताकद चिपळूणने दाखवली. २६ जुलै २००५ च्या पुरात लोटिस्माचं मोठं नुकसान झालं. भिजलेली पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसतात की ओढून निघत नाहीत, आणि गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना कायमची चिकटतात. वाळवायला ऊन हवं, तर आपल्याकडे जुलैत ऊन कुठलं? तरीही संस्था उभी राहिली, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिने चिपळुणात ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी पुन्हा शहरात शिरलं, पुन्हा पुस्तकांचा चिखल झाला. वाचनालय पुन्हा उघडलं. वरून आलेल्या हुकमावर असं काम होत नाही. वाचनालय आपलं आहे असं वाटणारी माणसं लागतात.

उणी बाजूही याच रचनेतून आली आहे. ग्रंथपाल संस्थेचा नोकर, सरकारचा नव्हे. त्याचा पगार अनुदानावर अवलंबून. २०१२ मध्ये झालेल्या वाचनालयांच्या राज्यव्यापी पडताळणीनंतर नव्या वाचनालयांची मान्यता आणि वर्गवाढ थांबली, आणि अनुदानातली पुढची मोठी वाढ व्हायला दहा वर्षं लागली. तेवढ्या काळात पुस्तकांच्या किमती थांबल्या नव्हत्या. लहान गावात एकच माणूस देवघेव करतो, दाखल नोंदवही लिहितो, झाडतो, आणि पावसाळ्यात कपाटं उघडून वाळवी पाहतो. त्याला जे मिळतं ते अन्यायकारक आहे, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

गावातलं तरुण मनुष्यबळ मुंबई-पुण्याला गेल्यावर कादंबरीचे वाचक घटले. मात्र सकाळी वर्तमानपत्रांच्या टेबलाशी निवृत्त मंडळी अजून बसतात, त्यासाठी वर्गणी लागत नाही. आणि जिथे अभ्यासिका आहे तिथे तलाठी, पोलीस भरतीच्या परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली दिवसभर असतात, कारण घरात चार माणसांत अभ्यासाला शांत कोपरा मिळत नाही. त्यांना लागतात चालू वर्षाची पुस्तकं, वीज आणि उशिरापर्यंत उघडं दार. वर्गवारीच्या जुन्या निकषांत पुस्तकांची, वर्तमानपत्रांची संख्या मोजली जाते. या मुलांनाही त्यात मोजायला हवं.