दक्षिण आफ्रिकेत शिकारीला रायफल नेताना: आधी कागद, मग बॅग

जोहान्सबर्गच्या ओ. आर. टॅम्बो विमानतळावर पोलीस रायफलवरचा सीरियल नंबर कागदावरच्या नंबराशी ताडून बघतात. एक आकडा जरी चुकला तरी रायफल पुढे जात नाही. म्हणून कोणती रायफल न्यायची हे ठरवतानाच कागदांचा विचार करा. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ही माहिती अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथे रीतसर शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे.

पात्रता अशी. वय किमान २१ पूर्ण हवं. रायफल तुमच्याच मालकीची हवी. सेमी-ऑटोमॅटिक (आपोआप पुढची गोळी भरणारी) चालत नाही, बोल्ट अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीसाठी हाताने खिट्टी ओढायची) न्या. एका कॅलिबरची, म्हणजे एका मापाच्या गोळीची, एकच रायफल नेता येते. दोन न्यायच्या असतील तर कॅलिबर वेगवेगळे हवेत. कुडू, इम्पाला या हरणांसारख्या प्राण्यांसाठी .३०-०६ कॅलिबरची रायफल पुरेशी आहे. रानरेड्यासाठी मात्र .३७५ च्या खाली जाऊ नका. जखमी जनावर झुडपात शिरलं तर मागावर जाणाऱ्या ट्रॅकरच्या जिवाशी गाठ असते.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्यांनी विशेष काळजी घ्यावी. या व्हिसावर बंदूक बाळगायला अमेरिकी कायद्यात मुळात मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. पण परतताना आपलीच रायफल पुन्हा अमेरिकेत आणायला एटीएफ या बंदुकांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा ‘६ एनआयए’ हा अर्ज आधीच मंजूर करून घ्यावा लागतो. तिकीट काढण्याआधी हे काम उरका. भारतीय पासपोर्टवर दक्षिण आफ्रिकेचा व्हिसाही लागतो, मग ग्रीन कार्ड असलं तरी.

अमेरिकेतला पहिला कागद म्हणजे सीबीपीचा, म्हणजे अमेरिकी कस्टम्स खात्याचा, फॉर्म ४४५७. रायफल आणि त्यावरची दुर्बीण घेऊन कस्टम्सच्या कार्यालयात स्वतः जायचं. अधिकारी नंबर बघून सही-शिक्का देतो. शुल्क नाही. दक्षिण आफ्रिकेचे पोलीस हाच कागद मालकीचा पुरावा मानतात. परतताना रायफल बाहेर विकत घेतलेली नाही हेही त्यानेच दाखवता येतं. प्रवासाच्या आदल्या दिवसावर हे ढकलू नका.

दुसरा कागद दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांचा फॉर्म एसएपीएस ५२०, म्हणजे रायफल तात्पुरती देशात आणण्याच्या परवान्याचा अर्ज. २००० च्या शस्त्र नियंत्रण कायद्याखाली तो द्यावा लागतो. काळ्या शाईने भरा, पण सही करू नका. सही विमानतळावर पोलिसांसमोरच करायची असते. सोबत पासपोर्टची प्रत, परतीचं तिकीट, ४४५७ आणि शिकार आयोजकाचं निमंत्रणपत्र जोडा. या पत्रात तारखा, ठिकाण आणि तुमच्या शिकारीचा तपशील हवा. आधीच मंजुरी घेतलेली बरी. त्यासाठी अर्ज किमान २१ दिवस आधी पोहोचला पाहिजे. सगळ्या कागदांच्या दोन-तीन प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, कारण रायफलची पेटी तपासणीआधी उघडता येत नाही.

काडतुसांचं गणित अनेकांचं चुकतं. दक्षिण आफ्रिकेत एका रायफलमागे २०० काडतुसं चालतात, पण बहुतेक विमान कंपन्या ५ किलोच्या वर नेऊ देत नाहीत. .३०-०६ ची २०० काडतुसं एवढ्या वजनात बसत नाहीत. .३७५ ची तर शंभरच ४ किलोच्या वर भरतात. ५० ते ६० काडतुसं न्या, तेवढी पुरतात. ती रायफलच्या पेटीत नव्हे, मूळ खोक्यात, वेगळ्या कुलूपबंद डब्यात ठेवा. रायफलची पेटी कडक आणि कुलूपबंद असावी, ती चेक-इन सामानातच जाते. बोल्ट काढून वेगळा ठेवलात तर तपासणी लवकर आटपते. पुढे देशांतर्गत विमान असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

बाकी बॅग हलकी ठेवा. बहुतेक कॅम्पमध्ये कपडे रोज धुऊन मिळतात, त्यामुळे खाकी किंवा ऑलिव्ह रंगाचे तीन जोड पुरतात. जून-जुलैत पहाटे कडाक्याची थंडी असते, लोकरी टोपी आणि जाड जाकीट विसरू नका. बूट घरीच महिनाभर घालून मऊ करा. झिम्बाब्वेतही जाणार असाल तर लष्करी छापाचे कपडे घेऊ नका, तिथे ते घालायला सामान्य माणसाला बंदी आहे. केनिया किंवा इथिओपियात १२ तासांहून जास्त थांबा असेल तर पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र पासपोर्टसोबतच ठेवा.